अनुभव धागा : ‘मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे’

जय ख्रिस्त! बायबलमधलं मत्तय २८:२० हे वचन आपल्यापैकी बहुतेकांना संडे स्कूलपासून पाठ आहे. प्रभूने ते गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्यांना दिलं. त्याच्या जरा आधी मत्तय लिहितो की काहींना संशय वाटला. संशय वाटणाऱ्यांनाही तेच अभिवचन मिळालं, कुणाला बाजूला काढलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

इथे आपापले अनुभव लिहा. चमत्कारांच्या साक्षी आपण मंडळीत ऐकतोच, मला रोजच्या कामाधामातलं ऐकायचंय. संकट टळलं नाही, तरी तो सोबत होता असं वाटलं असेल तर तेही. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. केडगावला त्यांचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम तेव्हा चालू होतं. ते त्यांनी सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये स्वतः जाण्याआधी हातावेगळं केलं. त्या महिन्यांत त्यांना कशाने उभं ठेवलं असेल, हे माझ्या मनात सारखं येतं.

वसईची भाजीवाली
पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन दादरला जाते. लगेजच्या डब्यात टोपल्यांवरून भांडणं चालूच असतात. माझ्या हातात रोझरी, म्हणजे जपमाळ असते. नायगाव सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली की पहिलं रहस्य, म्हणजे माळेतला दहा मण्यांचा पहिला टप्पा संपतो. भाव पडला त्या दिवशीही माळ तशीच होते. मागणं असं काही नसतं. प्रभू आणि मरियामाउली बरोबर आहेत, तेवढं पुरतं.

निवृत्त एसटी चालक, नगर जिल्हा
मुक्कामी गाडी म्हणजे रात्री खेड्यात थांबायचं, गाडीतच झोपायचं आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन निघायचं. एका वर्षी नाताळच्या रात्रीच ही ड्यूटी लागली. घरी लेकरं, देवळात उपासना, आणि मी अकोले तालुक्यातल्या एका वाडीत कांबळं पांघरून पडलेला. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातला याकोब आठवला. धोंडा उशाला घेऊन झोपला, आणि जागा झाल्यावर म्हणाला की परमेश्वर इथे आहे हे मला कळलंच नव्हतं. मी उठलो, गाडीतला दिवा लावला आणि लूकचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, मोठ्याने वाचला. माझा वाहक वारकरी घरातला. तो उठून बसला, शेवटपर्यंत ऐकलं, मग त्याने एक अभंग म्हटला. त्या नाताळासारखा नाताळ मला पुन्हा मिळाला नाही.

रात्रपाळीची नर्स, मिरज
वॉर्डात गुडघे टेकायला वेळ नसतो. सलाईन, इंजेक्शनं, कुणाला धाप लागलेली, कुणाचे नातेवाईक रडतायत. दर खाटेपाशी जाण्याआधी हात धुताना मी ‘प्रभू, चल’ एवढंच म्हणते. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबायचे. प्रार्थनेच्या वेळेइतकाच देव भांड्याकुंड्यांच्या गडबडीतही जवळ असतो, असं ते सांगत. मला ते अगदी पटतं.

एक विधवा बहीण, पुणे
मी जरा वेगळं लिहिते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत हे गेले. दफनाला मोजकीच माणसं. स्तोत्र २३ वाचायला घेतलं की ‘मृत्युच्छायेच्या दरीतूनही’पाशी माझा आवाज जायचा. कित्येक महिने देव जवळ आहे असं मला अजिबात वाटलं नाही. सांगायची सोय नव्हती, कारण भेटेल तो ‘विश्वास धरा’ म्हणायचा. मग मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बायबल-बाईंनी (घरोघरी जाऊन बायबल सांगणाऱ्या) मला स्तोत्र ८८ काढून दिलं. ते अंधारातच संपतं. शेवटी उपकारस्तुती नाही, दिलासा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर प्रभूनेच विचारलं, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ बाई म्हणाल्या, “तुला जे बोलायची भीती वाटते ना, ते त्याने आधीच बोलून ठेवलंय गं.”

त्यानंतर दर गुरुवारी त्या पिठलं-भाकरी घेऊन यायच्या, माझ्याबरोबर जेवायच्या आणि जायच्या. उपदेश नाही की काही नाही. मला आजही इतरांसारखं काही जाणवत नाही, हे खरं सांगते. पण गुरुवारी दार वाजायचं तेव्हा त्याने मला टाकलेलं नाही, हे मी हळूहळू मानायला लागले. ज्यांना काहीच वाटत नाही त्यांना कृपा करून अविश्वासू म्हणू नका.

कुवेतहून
इथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून उपासनाही शुक्रवारी. मुलगी माझ्यामागे मोठी झाली. स्तोत्र १३९ मध्ये समुद्रापलीकडे जाऊन राहिलो तरी तुझा हात मला धरील, असं आहे. रात्री फोनवर आम्ही दोघं ते एकत्र म्हणतो.

धागा काढणारी
पुण्याच्या ताई, तुमचं लिहिणं मी आमच्या महिला संघात वाचून दाखवू का? नाव सांगणार नाही. आमच्याकडे दोघी-तिघींना त्याची फार गरज आहे.

पुणे
जरूर वाचा.

जालन्याहून
माझ्याकडे लिहायला अनुभव नाही. उद्या वडिलांची बायपास आहे. आई खूप घाबरलीय, मीही. प्रार्थना करा.

रात्रपाळीची नर्स, मिरज
किती वाजता आत नेणार ते लिहा. सकाळी ड्यूटी संपली की मी सरळ चॅपलमध्ये जाईन. आईंना आज रात्री थोडं जेवायला घाला, आणि डॉक्टरांना विचारायचं ते सगळं आताच कागदावर लिहून ठेवा.