मदत हवी आहे : दुपारच्या मालिकेतील म्हार्दोळचे घर नक्की कोणाचे?

धागाकर्ती

नमस्कार. दुपारी जेवणे उरकल्यावर आमच्याकडे न चुकता जी मालिका लागते, तिच्या कथानकाविषयी मला जाणकारांची मदत हवी आहे. ज्यांचे भाग पाहायचे राहिले आहेत त्यांचा रसभंग होऊ नये म्हणून मालिकेचे नाव देत नाही. जे पाहतात त्यांना पुढच्या चार ओळींतच ओळख पटेल.

मालिकेत सध्या दोन भांडणे एकात एक गुंतलेली आहेत. पहिले साताऱ्याच्या वाड्याचे. सासऱ्यांनी मृत्युपत्र करून सगळा वाडा धाकट्या मुलाच्या नावे केला आणि थोरल्याच्या हातावर तुरी दिल्या. त्यातून कर्जात बुडालेल्या थोरल्याला सावरण्यासाठी थोरली सून आपल्या माहेरी, म्हणजे गोव्यात म्हार्दोळला येते आणि वडिलांच्या पश्चात राहिलेल्या घरातील आपला वाटा भावाकडे मागते. इथपर्यंत सगळे अपेक्षित होते. परंतु भाऊ शांतपणे कपाट उघडतो, एक घडी घातलेला कागद काढतो आणि म्हणतो की, लग्नाच्या आदल्या दिवशी तूच यावर सही केली होतीस, माहेरच्या मालमत्तेवर आता तुझा काडीचाही हक्क उरलेला नाही. ती कागदाकडे पाहते, कॅमेरा तिच्या डोळ्यांवरून कागदावर आणि कागदावरून पुन्हा डोळ्यांवर असा तीनदा फिरतो, आणि जाहिराती सुरू होतात.

आम्ही फोंड्याचे. म्हार्दोळ हाकेच्या अंतरावर असल्यामुळे हे घर जणू आपल्याच वाड्यावरचे आहे अशा थाटात आमच्याकडे दोन तट पडले आहेत. माझ्या आईचे म्हणणे असे की, शिकलीसवरलेली मुलगी डोळे उघडे ठेवून सही करते तेव्हा ती सही तिला बांधते, आणि भाऊ वागायला वाईट असला तरी कागदाने खरा आहे. शेजारच्या काकी आणि माझी वहिनी यांच्या मते गोव्यात असला कागद चालतच नाही. का चालत नाही, हे मात्र दोघींनाही सांगता येत नाही. त्यात दुसऱ्या दिवशी ऐन वेळी वीज गेली आणि वकिलाने तो कागद वाचून दाखवण्याचा प्रसंग आमचा हुकला.

तेव्हा माझे प्रश्न असे. त्या कागदात नेमके काय लिहिले होते, हे कोणी पाहिले आहे का? आणि हे घर खरोखर म्हार्दोळात असते, तर बहिणीला वाटा मिळाला असता का?

मांडवीकाठ

तो भाग मी पाहिला, आणि मोबाइलवर चित्र थांबवूनही पाहिला, कारण मला त्या भावाचा पहिल्यापासून संशय होता. मजकूर थोडक्यात असा की, लग्नासाठी झालेला खर्च आणि दिलेले दागिने हाच आपला वाटा समजून मी वडिलांच्या घरावरील हक्क कायमचा सोडत आहे. खाली तिची सही आहे. परंतु तिच्या सहीच्या डावीकडे साक्षीदारांच्या दोन सह्या आहेत आणि त्यांतील पहिली सही तिच्या वडिलांची आहे. वकिलाने ती नावासह वाचून दाखवली, आणि त्याच वेळी भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीवर कॅमेरा नेला. लेखकाला त्यातून एवढेच सुचवायचे असावे की, वडिलांनीही मुलीला परके केले होते.

आणखी एक गंमत. भाऊ दुसऱ्या हातात ‘सातबारा’ नाचवत असतो. म्हार्दोळच्या घराचा सातबारा त्याने कुठून पैदा केला, हे त्या म्हाळसेलाच ठाऊक. आपल्याकडे गोव्यात तलाठ्याकडून ‘एक-चौदा’चा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा घेतात, एवढे कोणीही सांगितले असते.

जुना अर्जनवीस

वरच्या प्रतिसादातील वडिलांच्या सहीने प्रश्नाचे अर्धे उत्तर देऊन टाकले आहे. ज्याच्या मालमत्तेवरील हक्क सोडला, तोच माणूस साक्षीदार म्हणून सही करतो, याचा अर्थ कागद झाला तेव्हा तो हयात होता. मग मुलीने सोडले ते काय? वारसा माणूस गेल्यावर उघडतो. तो जिवंत असताना त्याच्या वारशाचा त्याग करता येत नाही आणि विक्रीही करता येत नाही, हे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेले तत्त्व आहे. ही संहिता गोव्यात 1870 मध्ये लागू झाली, मुक्तीनंतर 1962 च्या कायद्याने इथले जुने कायदे चालू ठेवले, आणि आता वारशाचा भाग विधानसभेने केलेल्या 2012 च्या कायद्यात आला आहे, जो 2016 च्या अखेरीस अमलात आला. धागाकर्तीच्या आईचा मुद्दा समजुतीचा आहे, कारण सही ही सहीच असते. परंतु जी वस्तू अजून आपल्या हाती आलेलीच नाही, तिच्यावर पाणी सोडणारी सही कोणालाही बांधत नाही.

वडील गेल्यानंतर तिने नोटरीसमोर रीतसर हक्क सोडला असता, तर भावाची बाजू भक्कम झाली असती. तशी दस्तऐवजे गोव्यात सर्रास होतात, आणि त्यांवर विवाहित मुलीच्या बरोबरीने जावयाचीही सही घेतली जाते, कारण लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर इथे नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. मालिकेतील जावई त्या दिवशी साताऱ्यात घोड्यावर बसण्याच्या तयारीत होता.

तिचे सासर साताऱ्याला आहे म्हणून तिचा हक्क जातो का, असाही प्रश्न कोणी विचारील. जात नाही. वारसा वडिलांचा आहे, वडील गोव्याचे रहिवासी होते आणि घरही इथेच आहे.

कृष्णाकाठची

मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन डिचोलीत आले, त्यामुळे या मालिकेच्या दोन्ही बाजू माझ्या घरच्याच आहेत. इथे अनेकजण सासऱ्यांनाही गोव्याच्या फूटपट्टीने मोजतात आणि ‘एका मुलाला असे कसे वगळता येईल?’ म्हणून विचारतात. तिकडे वगळता येते. वाडा सासऱ्यांच्या स्वकष्टार्जित पैशांतला असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांनी तो संपूर्णपणे धाकट्याला दिला तरी थोरल्याला तोंड मिटून बसावे लागते. वाडा वडिलोपार्जित असेल, तर मात्र त्यांना केवळ आपल्या हिश्शाचेच मृत्युपत्र करता येते, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर त्या घरातल्या मुलींचाही हिस्सा मुलांच्या बरोबरीने धरावा लागतो. वाडा पणजोबांनी बांधल्याचे मालिकेतील आजी सुरुवातीच्या एका भागात बोलून गेली होती. लेखक ते विसरला, की पुढच्या कलाटणीसाठी त्याने ते राखून ठेवले आहे, हे सांगणे कठीण आहे. माझा कौल विसरण्याच्या बाजूने.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मांडवीकाठ यांनी सांगितलेली वडिलांची सही मी आईला सांगितली, तेव्हा तिने आपला मुद्दा सोडला नाही, परंतु लगेच दुसरा प्रश्न विचारला, आणि मला तो आधीच्या प्रश्नाहून मोठा वाटतो. या घरात बहिणभावांची आई अजून आहे. प्रत्येक भागात ती स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी असते, भांडण वाढले की ‘अरे, शेजारी ऐकतील’ एवढेच वाक्य म्हणते आणि आत जाते. भाऊ म्हणतो घर माझे, बहीण म्हणते अर्धे माझे. मग त्या बाईचे काय?

जुना अर्जनवीस

आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा, कारण मालिकेच्या लेखकाला जे दिसले नाही ते त्यांना दिसले. हिशेब आण्यांत मांडतो. घर सोळा आणे धरा. सामाईक मालमत्तेच्या पद्धतीप्रमाणे त्यातील आठ आणे वडील जिवंत असतानाही आईचेच होते आणि ते गेल्यानंतरही तिचेच आहेत. ते तिला वारशाने मिळालेले नाहीत, ते मुळातच तिचे आहेत. वडिलांच्या मागे वाटपासाठी उरतात ते फक्त आठ आणे. मृत्युपत्र नसेल, तर भावाला चार आणे आणि बहिणीला चार आणे. म्हणजे ज्या घरातून तो बहिणीला बाहेर काढायला निघाला आहे, त्या घरात त्याचा वाटा आईच्या निम्मा आहे.

आता उद्या त्याने कपाटातून वडिलांचे मृत्युपत्र काढले, आणि मालिकांचा स्वभाव पाहता तो ते काढील, तरीही आठांपैकी चारच आण्यांची विल्हेवाट वडिलांना आपल्या मर्जीने लावता येते. उरलेले चार आणे मुलांसाठी राखीव असतात. ते चारही आणे मुलाच्या पदरात घालण्याची बापाची कितीही इच्छा असली, तरी मुलीचे दोन आणे तिलाच जातात. तिला तेवढ्यापासूनही वंचित करायचे, तर कायद्याने सांगितलेल्या मोजक्या कारणांपैकी एखादे घडलेले असावे लागते आणि ते मृत्युपत्रात स्पष्ट लिहावे लागते. शिवाय इथे मृत्युपत्र सहसा साक्षीदारांसमोर नोटरीच्या नोंदवहीत लिहिले जाते. देव्हाऱ्यामागे सापडलेला पिवळा कागद दाखवून प्रेक्षकांना दचकवता येईल, कोर्टाला दचकवणे अवघड आहे.

खरे नाट्य तर पुढे आहे. भावंडांचे जमत नसेल, तर त्यांतील कोणीही दिवाणी न्यायालयात ‘इन्व्हेंटरी’साठी अर्ज करू शकते. तिथे मालमत्तेची यादी होते, ती यादी देण्याचा पहिला मान हयात जोडीदाराचा, म्हणजे पुन्हा त्या दारात उभ्या असलेल्या आईचा. आणि घराचे तुकडे करणे शक्य नसेल, तर वारसांमध्येच बोली लागते. ज्याची बोली मोठी, त्याला घर. बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे. बहीण आणि भाऊ समोरासमोर बसून बालपणाच्या घरावर बोली चढवत आहेत, असा प्रसंग गोव्याच्या कायद्याने लेखकाच्या ताटात वाढून ठेवला आहे, आणि तो मात्र विषाच्या बाटलीची अदलाबदल करत बसला आहे.

मांडवीकाठ

आपले विवेचन पटले, परंतु सोमवारच्या भागाची झलक पाहिलीत का? भाऊ आईला गाडीत बसवून पणजीला नेताना दाखवला आहे आणि मागे ते दाटून येणारे संगीत आहे. म्हणजे आता तो आईकडून तिच्या आठ आण्यांचे दानपत्र लिहून घेणार. तसे झाले, तर आपले दोन-चार आणे घेऊन बहीण काय करील?

जुना अर्जनवीस

करू द्या त्याला दानपत्र. घराची वाटणी झालेली नसल्यामुळे आईला ‘ही खोली माझी’ म्हणून बोट दाखवता येणार नाही; तिला दान देता येईल ते केवळ आपल्या अविभक्त हिश्शाचे. आणि मुलाला हयातीत दिलेले दान आईच्या पश्चात वाटणीच्या हिशेबात पुन्हा धरले जाते. मुलीच्या राखीव वाट्याला त्याने कात्री लागत असेल, तर तेवढ्यापुरते ते दान कमी करून मागण्याचा तिला अधिकार आहे. त्याआधी तिने करायचे एवढेच : साताऱ्याला परत जाण्यापूर्वी वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि एक-चौदाचा उतारा काढून घ्यावा आणि फोंड्याच्या न्यायालयात इन्व्हेंटरीचा अर्ज आपणच आधी दाखल करावा, म्हणजे आईला यादी देण्यासाठी न्यायाधीशांसमोर बोलवावेच लागेल.