रूटचा पासवर्ड सगळ्या टीमला? डोकं ठिकाणावर आहे का?

कमांडवीर: काल इथे एकाने ठोकून दिलं, "टीम चार जणांची, रूटचा पासवर्ड सगळ्यांना द्या, सुडो म्हणजे नुसता सोपस्कार." अहो, रूट म्हणजे लिनक्स सर्व्हरचं सर्वाधिकारी खातं! सुडोने प्रत्येकजण आपल्याच खात्यातून रूटची कामं करतो आणि लॉगमध्ये नावानिशी नोंद होते. पासवर्ड वाटला आणि रात्री डेटाबेसचं फोल्डर उडालं तर लॉगमध्ये दिसणार 'रूट'. चौघेही म्हणणार, मी नव्हे! उबुंटू लिनक्सने 2004 च्या पहिल्या आवृत्तीपासून रूटचा पासवर्ड बंद ठेवलाय, तो काय हौस म्हणून?

जुनं_खोड: तो 'एक' मीच. तुमची पोरं 'सुडो सु' मारून रूट बनूनच आत शिरतात, लॉगमध्ये तेवढी एकच ओळ. पुढे काय दिवे लावले, पत्ता नाही. आणि 2021 मध्ये सुडोला जे भोक सापडलं, ते 2011 पासून होतं. साधा युजर थेट रूट!

कमांडवीर: त्याला पॅच आला, भोक बुजलं. वाटलेल्या पासवर्डला पॅच नसतो.

पासवर्डग्रस्त: भांडा खुशाल, पण दर 90 दिवसांनी पासवर्ड बदलायला लावतात त्यावर बोला की कोणीतरी! आमचं अख्खं ऑफिस 'ऑगस्ट@2024'वरून 'नोव्हेंबर@2024'वर जातं. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने 2017 लाच सांगितलंय, फुटल्याचा पुरावा असेल तरच बदला.

सोलापुरी_शेल: आमच्या ऑडिटरला हे दाखवलं. म्हणाला, "चेकलिस्टमध्ये 90 आहे."

जुनं_खोड: त्यांना टिक हवी असते, सुरक्षा गेली उडत.

कमांडवीर: अहो, पण नोकरी सोडून गेलेला माणूस 90 दिवसांनी तरी बाहेर पडतो ना?

सोलापुरी_शेल: कसला पडतो! आम्ही एकाचा पासवर्ड लॉक करून निवांत बसलो, तर महिन्याभराने लॉगमध्ये तोच हजर. दुरून लॉगिन करायच्या एसएसएचची की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी फाइल, तशीच होती. पासवर्ड लॉक केला तरी की चालते, कमांडच्या मदतपानात, मॅन पेजमध्ये, स्पष्ट लिहिलंय. खातंच एक्सपायर करायचं असतं.

पासवर्डग्रस्त: बघा! म्हणजे 90 दिवस फक्त आम्हा गरिबांना छळायला.

कमांडवीर: मूळ मुद्दा रूटचा आहे, विसरलात का सगळे?

जुनं_खोड: मग ऐका. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, एक ओळ चुकली, सर्व्हर नीट सुरू होईना, इमर्जन्सी मोडमध्ये. पडद्यावर 'रूट खातं लॉक आहे, एंटर दाबा'. दाबलं की पुन्हा तेच. तिथे तुमचं सुडो काय कामाचं? रात्री सर्व्हर सुरू करायला लाइव्ह यूएसबी शोधत फिरलो.

कमांडवीर: बरं बाबा, एक लांबलचक पासवर्ड लिफाफ्यात सील करून कपाटात ठेवा, फक्त कन्सोलपुरता, म्हणजे सर्व्हरसमोर बसूनच वापरायचा. एसएसएचवरून रूट बंदच.

जुनं_खोड: म्हणजे पासवर्ड हवा, हे साहेबांना मान्य. मग तुमचं सुडोही घालतो उद्या, चौघांना चार खाती. कपाटाची किल्ली कोणाकडे, तेवढं ठरवा.

पासवर्डग्रस्त: आणि लिफाफा दर 90 दिवसांनी?