मदत हवी आहे : ७० हजारांत व्हिडिओ एडिटिंगसाठी कोणता लॅपटॉप घ्यावा?

सप्रेम नमस्कार. आमच्या गावातील कीर्तनांचे चित्रीकरण मी दोन मोबाइलवर फोर-के दर्जात करतो आणि दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत ते संपादित करतो. सध्याच्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोन्ही क्लिप टाइमलाइनवर एकाखाली एक ठेवल्या की चित्र अडखळते, आवाज पुढे निघून जातो आणि टाळाचा नेमका ठोका पकडून दोन्ही जुळवणे अशक्य होते. प्रॉक्सी फाइल (मूळ क्लिपच्या कमी दर्जाच्या, हलक्या प्रती) तयार करून काम भागते, परंतु दीड तासाच्या कीर्तनाच्या प्रॉक्सी बनण्यातच अख्खी रात्र जाते.

मोबाइलच्या एच.२६५ पद्धतीने दाबून साठवलेल्या फाइल आकाराने लहान असल्या तरी उलगडताना यंत्रावर मोठा भार टाकतात, म्हणून क्विक सिंकची (अशा फाइल झपाट्याने उलगडणारी) सोय असलेला इंटेल प्रोसेसर घ्यावा असे माझे मत झाले आहे. खरा पेच ग्राफिक्स कार्डाचा आहे. ४ जीबी व्हीरॅमचे (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचे) आरटीएक्स ३०५० फोर-के टाइमलाइन आणि साध्या रंगदुरुस्तीला पुरते का, की पदरचे थोडे अधिक घालून ६ जीबीचेच घ्यावे? सुरुवातीला १६ जीबी रॅम घेऊन पुढे ३२ करण्याचा विचार आहे, त्यामुळे रॅम बोर्डावर कायमची जोडलेली नसावी. स्वस्त लॅपटॉपचे फिकट पडदेही मला नकोत, कारण बुक्क्याचा काळा आणि अष्टगंधाचा केशरी रंग त्यावर खरा दिसत नाही.

या किमतीत असे काम प्रत्यक्ष करणाऱ्यांनी आपले मॉडेल आणि अनुभव कृपया कळवावेत.