वस्तीनेच करायचं बीपीचं सर्वेक्षण: ३८५ माणसं पुरतील का?

उंबरठा:
शेजारशेजारच्या दोन वस्त्या आहेत आणि बीपीच्या उपचारांत तफावत दिसते. ती आकड्यांत मांडून दवाखान्याची वेळ आणि औषधं देण्याचे नियम बदलून घ्यायचे आहेत. प्रश्न ठरवणं, मोजणी, मांडणी सगळं रहिवासी करणार. संशोधक फक्त मदतीला. नमुना ३८५ चा घ्यावा असं जिथे तिथे वाचायला मिळतं. तुलनेसाठी तो चालेल का? आणि रहिवाशांनी घरोघरी घेतलेलं बीपी ग्राह्य धरतात का?

चिठ्ठीबहाद्दर:
३८५ विसरा. एकाच लोकसंख्येतलं एखादं प्रमाण, पाच टक्के इकडेतिकडे, असं काढायचं असेल तेव्हाचा तो आकडा आहे. तुम्हाला फरक सिद्ध करायचाय.

समजा एका वस्तीत ३० टक्के रुग्णांचं बीपी आटोक्यात आहे, दुसरीत ४५ टक्के. हा फरक ८० टक्के पॉवरने (म्हणजे फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के) पकडायला प्रत्येक वस्तीत सुमारे १६० रुग्ण लागतात. गल्ल्या निवडून त्यातली घरं घेणार असाल तर एका गल्लीतली माणसं बरीचशी सारखी निघतात, म्हणून दीडपट धरा: २४०. खरी मेख पुढे आहे. हे २४० रुग्ण आहेत, नुसती माणसं नव्हेत. प्रौढांत चारांत एकाला बीपी असेल तर प्रत्येक वस्तीत ९६० जण तपासावे लागतील. नकार देणारे वेगळेच. झेपत नसेल तर ४० वर्षांपुढचेच घ्या. त्यांच्यात प्रमाण ४० टक्के निघालं तर ६०० त भागतं.

घरातला एकच प्रौढ, तोही चिठ्ठी टाकून. नसेल तर संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी पुन्हा जा, किमान तीनदा. शेजारचा धरून यादी भरू नका. दुपारी घरी सापडतात त्यांनाच मोजलं, तर कामामुळे दवाखान्याची वेळ ज्यांना गाठता येत नाही नेमके तेच गळतात. आणि तुमचा मुद्दा तर वेळेचाच आहे!

पारा१४०:
ग्राह्य धरतात, पण पद्धत नोंदीत दिसली पाहिजे. मोजणीआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. पाच मिनिटं गप्प बसवा: पाठीला टेका, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला टेकलेला. आधी टेपने दंडाचा घेर घ्या. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी खोटंच चढं येतं, आणि ही चूक सगळ्यात जास्त होते. एकेका मिनिटाच्या अंतराने तीन वेळा मोजा, पहिला आकडा सोडून उरलेल्या दोनांची सरासरी काढा. तिन्ही आकडे लिहायचे, नुसती सरासरी नाही.

दर आठवड्याला शेवटचे अंक तपासा. डिजिटल यंत्रात ० ते ९ हे अंक साधारण सारख्या प्रमाणात यायला हवेत. एखाद्याच्या वहीत तिसरा हिस्सा शून्यावर संपत असेल तर तो आकडे गोळाबेरीज करून लिहितोय. त्याला हाकलू नका, पुन्हा शिकवा.

१८०/१२० किंवा वर आलं तर काय करायचं ते आधीच ठरवा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं असेल तर तडक रुग्णालय. एका दिवसाच्या आकड्यावर कुणाला 'तुम्हाला बीपी आहे' असं मात्र सांगायचं नाही.

गळतीशोधक:
मोजणी चोख झाली तरी 'बीपी किती जणांना?' एवढंच विचारलंत तर हाती काही लागणार नाही. चार पायऱ्या मोजा: बीपी आहे, ते माहीत आहे, औषध चालू आहे, आटोक्यात आहे. गळती पहिल्या-दुसऱ्यात असेल तर तपासणीची सोय नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात असेल तर अंतर, खर्च, वेळ. शेवटी असेल तर गोळ्या थोड्याच दिवसांच्या मिळतात, साठा संपतो किंवा डोस वाढवला जात नाही. प्रत्येक गळतीमागचा नियम निराळा आणि तो बदलणारा माणूसही निराळा. त्या माणसाला सुरुवातीलाच विचारा: कोणता आकडा दिसला तर नियम बदलाल? उत्तर लिहून घ्या.

तुलना वयप्रमाणित करा, म्हणजे दोन्ही वस्त्यांत वयोगटांचं प्रमाण सारखंच आहे असं धरून दर काढा. तरुण वस्तीत कच्चा दर कमीच दिसतो आणि 'इथे अडचण कुठाय?' म्हणायला वाव मिळतो. नीतिसमितीची (माणसांवरचं संशोधन योग्य रीतीने होतंय ना ते पाहणारी समिती) मंजुरी मोजणीआधीच. मागाहून मिळत नाही. माहिती कुणाच्या ताब्यात राहील आणि नावडता निष्कर्ष आला तरी तो छापायचा का, हे करारात लिहा. ज्या रकान्यात पाचाहून कमी माणसं असतील तो झाका. लहान वस्तीत त्यावरून माणूस ओळखू येतो.

उंबरठा:
४० च्या आतले सोडले तर तरुण रुग्ण निसटतील ना?

चिठ्ठीबहाद्दर:
निसटतील. म्हणून अहवालाच्या शीर्षकातच '४० वर्षांपुढील' असं लिहायचं, तळटीपेत नाही.