दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर: सुरुवात कुठून करावी? सल्ला हवा

नीरा_काठ:
नमस्कार मंडळी. बारामतीत आमची पाच जणांची टीम आहे. 60 गावांतल्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर नव्याने लिहायला घेतलंय. सकाळ-संध्याकाळ उत्पादक दूध घेऊन येतो, माप होतं, मशिनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतो, दरपत्रकावरून दर लागतो आणि पावती हातात पडते. दर दहा दिवसांनी बिल. त्यातून पशुखाद्याची उधारी आणि उचल कापून बाकी रक्कम खात्यात जमा होते. एका संस्थेत सरासरी 200 उत्पादक आहेत.

टीममधले दोघं म्हणतात की पहिल्यापासून मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे एकेका कामाचा वेगळा छोटा प्रोग्राम, करू: संकलन, दर, बिल, खाती, निरोप अशा पाच सर्व्हिस, मध्ये त्यांच्यात संदेश नेणारं काफ्का, खाली त्या चालवून सांभाळणारं कुबरनेटिस. मला हे आपल्याला पेलणार नाही असं वाटतं, पण नुसत्या वाटण्यावर वाद घालता येत नाही. ज्यांनी अशी कामं उभी केली आहेत त्यांनी कृपया सांगावं, कागदावर पहिली रेघ कशाची ओढायची?

घाटावरचा:
आधी गुणाकार करा. 60 × 200 × 2 म्हणजे रोजच्या 24,000 नोंदी. एका वेळेच्या 12,000. त्या दोन तासांत आल्या असं धरलं तर सेकंदाला दोनसुद्धा पडत नाहीत. गर्दीच्या क्षणी दहापट धरा, तरी वीसच्या आत. वर्षाला साधारण 88 लाख ओळी. एका बऱ्यापैकी सर्व्हरवरचं पोस्टग्रेस (डेटाबेस) हे आरामात ओढतं. भार हे कारण असेल तर ते इथेच संपलं. दोघांना हा हिशोब दाखवा आणि दुसरं कारण काय ते विचारा. असेलही एखादं, ते नीट ऐकून घ्या.

अनुजा_त:
घाटावरच्यांशी सहमत, पण माझ्या मते खरा प्रश्न सर्व्हिस किती हा नाहीच. तुकडे कुठे पाडले ते बघा. दुधाचा जसा प्रवास होतो तसे पाडलेत. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पारनस यांनी 1972 मध्येच दाखवून दिलं होतं की कामाच्या टप्प्यांप्रमाणे मॉड्यूल (कोडचे स्वतंत्र भाग) पाडू नयेत. जे निर्णय बदलण्याची शक्यता आहे तो एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत झाकून ठेवावा.

तुमच्याकडे बदलणार काय? सगळ्यात आधी दरपत्रक. आज 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफचा पायाभूत दर एक आहे, उद्या दूध संघ तो बदलणार, आणि कधीकधी मागच्या तारखेपासून बदलणार. म्हणून प्रत्येक दरपत्रकाला लागू होण्याची तारीख आणि क्रमांक हवाच. संकलनाच्या नोंदीत लिटर, फॅट, एसएनएफ मोजले तसे ठेवा, शिवाय कोणतं दरपत्रक लावलं तो क्रमांक. उत्पादकाच्या हातातल्या पावतीवरचा आकडा नंतर कधीही बदलायचा नाही. मागच्या तारखेचा दर आला तर फरकाची वेगळी नोंद टाका. दिवाळीचा दरफरक तुम्ही लिहिलेला नाही, पण तो वर्षभराच्या लिटरवर निघेल आणि तेव्हा हीच मूळ मोजमापं लागतील.

दुसरी गोष्ट नेट. पहाटे रांग लागलेली असताना नेट गेलं म्हणून दूध थांबत नाही. गावातल्या संकलन केंद्रावरचा संगणक स्वतःच्या एसक्यूलाइटमध्ये (त्याच संगणकावरचा छोटा डेटाबेस) नोंद करून पावती देऊ शकला पाहिजे, सर्व्हरकडे सावकाश पाठवू दे. मी एका प्रोजेक्टात यात पोळलेय. सर्व्हरला नोंद पोचली होती, पोच परत येताना लाइन तुटली, केंद्राने तीच नोंद पुन्हा पाठवली आणि बिलात दूध दुप्पट झालं. कापून घेताना लोकांना तोंड दाखवणं अवघड गेलं. तेव्हापासून माझा नियम: नोंदीचा यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) केंद्रावरच तयार व्हायचा आणि सर्व्हरच्या टेबलवर त्याला युनिक बंधन, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घ्यायचा नाही. मग तीच नोंद दहा वेळा आली तरी एकदाच बसते.

या दोन रेघा आधी ओढा. केंद्र आणि सर्व्हर यांच्यातली सीमा खरी आहे, ती गावच्या परिस्थितीने आखून दिली आहे. सर्व्हरच्या आतल्या सीमा मॉड्यूलच्याच राहू द्या: एक कोडबेस, एक डेटाबेस, पण बिलाच्या कोडने दराच्या टेबलांत थेट हात घालायचा नाही.

माचीवर:
संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांचं 1968 चं निरीक्षण इथे चपखल बसतं: संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तसाच आकार तिच्या सिस्टिमला येतो. पाच जण एका टेबलाभोवती बसता, तर पाच सर्व्हिस वेगवेगळ्या चढवून चालू ठेवणं (डिप्लॉयमेंट) कोण सांभाळणार?

रात्रपाळी:
एक गोष्ट मात्र वेगळ्या प्रोसेसमध्ये काढा: उत्पादकाला जाणारे निरोप. एसएमएसवाल्याचा सर्व्हर मंदावला तर त्यापायी संकलन अडायला नको. पण त्यासाठी काफ्का लागत नाही. नोंद सेव्ह होते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही नाही) 'पाठवायचे निरोप' या टेबलात ओळ टाका आणि वेगळा वर्कर (मागे चालणारा प्रोग्राम) तिथून उचलू दे. पोस्टग्रेसमध्ये 9.5 आवृत्तीपासून स्किप लॉक्ड (दुसऱ्याने धरलेल्या ओळी वगळण्याची सोय) आहे, त्यामुळे दोन वर्कर चालवले तरी एकाने धरलेली ओळ दुसरा उचलत नाही.

आणि ठरलेलं लिहून ठेवा. मायकेल नायगार्ड यांनी 2011 मध्ये सुचवलेली एडीआरची (आर्किटेक्चरच्या निर्णयाच्या टिपणाची) पद्धत पानभराची आहे: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. 'आत्ता एकच सर्व्हर; संस्था 600 झाल्या की पुन्हा बसू' असं लिहिलंत तर त्या दोघांचा मुद्दाही वाया जात नाही.

नीरा_काठ:
मनापासून आभार. गुणाकार दाखवला, काफ्का मागे पडलं. अनुजाताई, तुमचं वाचून काल पहाटे एका केंद्रावर जाऊन बसलो. तीन तासांत दोनदा नेट गेलं, सचिवांनी वहीत लिहून घेतलं. त्यातून एक नवा प्रश्न: केंद्राचं नेट दोन दिवस बंद राहिलं आणि तेवढ्यात दहा दिवसांचं बिल निघालं, तर मागाहून आलेल्या नोंदींचं काय? बिल पुन्हा काढायचं?

अनुजा_त:
नाही. निघालेलं बिल कुलूपबंद. नोंदीवर दोन तारखा ठेवा, दूध घातल्याची आणि सर्व्हरला पोचल्याची. दर पहिल्या तारखेचा लावा, रक्कम पुढच्या बिलात 'मागील नोंदी' म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा. आणि बिल काढण्याआधी कोणत्या केंद्राच्या नोंदी यायच्या बाकी आहेत ते पडद्यावर दिसू दे, म्हणजे सचिवांना फोन करून विचारता येईल.