ऑक्युलस की स्पिरिट? हेलमध्ये शिरणाऱ्या सॉर्सरेसच्या साहित्याची चर्चा

छोटा:
सर्वांना नमस्कार. ‘डायब्लो २ : रिझरेक्टेड’ या संगणकीय खेळातील माझी सॉर्सरेस (जादूगार पात्र) नाइटमेअर ही दुसरी काठिण्यपातळी संपवून हेल या तिसऱ्या, सर्वात कठीण पातळीत आली आहे. मुख्य स्पेल (मंत्र) ब्लिझार्ड हे हिमवादळ असून टेलिपोर्ट, म्हणजे क्षणात दुसरीकडे उडी घेण्याचा स्पेल, हाही घेतलेला आहे. हातात क्रिस्टल स्वोर्ड या तलवारीत बनवलेली स्पिरिट आहे (ठरावीक रून, म्हणजे जादुई खडे, वस्तूच्या सॉकेटमध्ये, म्हणजे खोबणीत, बसवून तयार होणारा संच), मोनार्क ढालीतही स्पिरिटच आहे, डोक्यावर लोअर आणि अंगात स्मोक हे असेच रूनचे संच आणि हातात मॅजफिस्ट हे मोजे आहेत. दोन्ही अंगठ्यांवर फास्टर कास्ट रेट (स्पेल टाकण्याचा वेग) प्रत्येकी १० आहे. आता मला द ऑक्युलस ही शस्त्राच्या जागी धरायची वस्तू मिळाली आहे. स्पिरिट सर्व स्किलना २ देते, तर ऑक्युलस सॉर्सरेसच्या सर्व स्किलना ३ देते. तलवार काढून ऑक्युलस घ्यावी का, याबद्दल आपणा सर्वांचे मत हवे आहे.

ताई:
माझ्या मते नक्की घ्यावीस. स्किलचा एक पॉइंट वाढतो, त्यामुळे ब्लिझार्ड आणि कोल्ड मास्टरी दोन्ही एकेक पायरी वर जातात. शिवाय सर्व रेझिस्टन्सना (आग, थंडी, वीज आणि विष यांपासूनच्या बचावाला) २०, व्हायटॅलिटी आणि एनर्जी प्रत्येकी २० आणि मॅजिक फाइंड (चांगल्या वस्तू सापडण्याची शक्यता) ५० टक्के मिळतो. कास्ट रेटही ३० आहे, म्हणजे तिथेही फारसे काही गमवावे लागत नाही. केवळ सॉर्सरेससाठी बनवलेली ही वस्तू आहे, ती सोडून सर्वांच्या उपयोगाची तलवार धरण्यात मला अर्थ दिसत नाही.

मामा:
ताईने ऑक्युलसचे गुण अगदी बरोबर सांगितले आहेत, पण ‘फारसे काही गमवावे लागत नाही’ या वाक्याशी मी थांबतो, कारण सगळा निर्णय तिथेच आहे. छोट्या, तुझ्या तलवारीवर आणि ढालीवर फास्टर कास्ट रेटचे नेमके आकडे किती आहेत, ते आधी सांग. स्पिरिटमध्ये हा आकडा २५ ते ३५ यांच्यामध्ये कुठेही येऊ शकतो.

छोटा:
तलवारीवर ३५ आहे आणि ढालीवर ३० आहे.

मामा:
मग हिशेब असा होतो. तलवारीचे ३५, ढालीचे ३०, मॅजफिस्टचे २० आणि दोन अंगठ्यांचे मिळून २०, अशी बेरीज बरोबर १०५ येते. ऑक्युलस घेतलीस तर ती १०० होते. कागदावर हा फरक पाचाचा आहे, पण खेळात कास्टचा वेग सलग वाढत नाही, तो पायऱ्यांनी वाढतो. हा खेळ सेकंदाला २५ फ्रेम मोजतो आणि स्पेल टाकायला पूर्ण फ्रेमच लागतात, अर्धी फ्रेम असा प्रकार तिथे नाही. सॉर्सरेसला कास्ट रेट शून्य असताना एका स्पेलला १३ फ्रेम लागतात. ९ वर १२, २० वर ११, ३७ वर १०, ६३ वर ९, १०५ वर ८ आणि २०० वर ७ अशा तिच्या पायऱ्या आहेत. दोन पायऱ्यांच्या मधला प्रत्येक आकडा खालच्या पायरीचाच वेग देतो, त्यामुळे १०० कास्ट रेट असलेली सॉर्सरेस आणि ६३ असलेली सॉर्सरेस यांच्या वेगात एका फ्रेमचाही फरक नसतो. ऑक्युलस हातात घेताक्षणी तुझे ६३ च्या वरचे ३७ आकडे निरुपयोगी होतील आणि ते मिळवण्यासाठी बोटांत घातलेल्या अंगठ्या उगाच जागा अडवून बसतील.

म्हणून साहित्य निवडताना वस्तूवर किती मोठा आकडा लिहिला आहे, हे मी कधीच आधी पाहत नाही. ती वस्तू घातल्यावर मी कोणत्या पायरीवर उभा राहतो, हे आधी पाहतो आणि मग तिच्या बाकीच्या गुणांकडे वळतो. वेगाची पायरी आणि रेझिस्टन्स हे दोन हिशेब जुळल्यानंतर स्किल वाढवायला हरकत नाही, पण त्यांच्या आधी स्किलमागे धावणारी सॉर्सरेस हेलमध्ये फार पुढे जात नाही.

ताई:
पायऱ्यांचे गणित मला मान्य आहे, पण छोट्याचा मुख्य स्पेल ब्लिझार्ड आहे, हे तुम्ही लक्षात घेतलेले दिसत नाही. एक ब्लिझार्ड टाकल्यावर दुसरे टाकण्याआधी १.८ सेकंद थांबावेच लागते. कास्ट ८ फ्रेममध्ये झाली काय आणि ९ मध्ये झाली काय, ब्लिझार्ड तितक्याच वेळा पडणार आहे. मग त्या एका फ्रेमसाठी स्किलचा पॉइंट का सोडायचा?

मामा:
हा आक्षेप महत्त्वाचा आहे. केवळ ब्लिझार्डपुरते बोलायचे तर तुझे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. परंतु ती १.८ सेकंदे म्हणजे ४५ फ्रेम आहेत आणि ब्लिझार्ड खेळणाऱ्याचे कौशल्य या ४५ फ्रेम कशा वापरल्या, यावरच दिसते. त्या वेळात ग्लेशियल स्पाइक टाकून समोरचा घोळका गोठवायचा असतो, आइस ब्लास्टने एखाद्याला जागीच धरायचे असते किंवा टेलिपोर्ट करून सुरक्षित कोपरा गाठायचा असतो. टेलिपोर्टला त्या विरामाचे बंधन नाही आणि त्याचा वेग सर्वस्वी कास्ट रेटवर ठरतो. सलग दहा उड्या घ्यायला १३ फ्रेमच्या वेगाने ५.२ सेकंद लागतात, ९ फ्रेमच्या वेगाने ३.६ आणि ८ फ्रेमच्या वेगाने ३.२. हेलमध्ये घेरले गेल्यावर दुसरी उडी पहिलीच्या मागोमाग निघाली की नाही, एवढाच प्रश्न उरतो. सॉर्सरेसजवळ चिलखताचे बळ नसते, तिचे बळ म्हणजे योग्य क्षणी तिथे नसणे, आणि मला तरी या पात्रातली सर्वात देखणी गोष्ट हीच वाटते.

एक पुस्ती जोडतो. लायटनिंग आणि चेन लायटनिंग या दोन स्पेलच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. तिथे ७८ वर १३ फ्रेम आणि ११७ वर १२ फ्रेम लागतात. पुढे कधी विजेची सॉर्सरेस खेळलास तर हा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

दादा:
मामांच्या हिशेबाव्यतिरिक्त ऑक्युलसबद्दल मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यावर असा गुण आहे की शत्रूचा वार लागला की ५० टक्के वेळा टेलिपोर्ट आपोआप होते, म्हणजे आपण कुठे जाणार हे आपल्या हातात राहत नाही. नाइटमेअरमध्ये ते चालून जाते. हेलमध्ये मात्र रेझिस्टन्स कमी असताना दाराआडच्या सुरक्षित जागेवरून उचलून आपल्याला खोलीच्या मधोमध टाकले, तर दुसरी संधी बहुधा मिळत नाही. ज्यांचे लाइफ आणि रेझिस्टन्स दोन्ही भक्कम आहेत, त्यांनी ही वस्तू निर्धास्त वापरावी.

वार बसल्यावर लवकर सावरण्याचा मुद्दाही इथे येतो, पण त्याला अवास्तव महत्त्व देऊ नये. प्रत्येक स्पिरिट ५५ टक्के फास्टर हिट रिकव्हरी देते. दोन स्पिरिटचे ११० आणि स्मोकचे २० मिळून १३० होतात आणि सॉर्सरेस ८६ ची पायरी ओलांडून ७ फ्रेममध्ये सावरते. एकच असताना ७५ होतात, ती ६० ची पायरी ओलांडते आणि ८ फ्रेम लागतात. केवळ या एका फ्रेमसाठी मी तलवार धरून ठेवली नसती.

छोटा:
दादा, रेझिस्टन्सचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. हेलमध्ये आल्यावर माझा फायर रेझिस्टन्स उणे ३० दिसतो आहे. स्मोक असूनही असे का व्हावे? बाकीच्यांपेक्षा हाच इतका खाली का आहे?

दादा:
नाइटमेअरमध्ये सर्व रेझिस्टन्समधून ४० वजा होतात आणि हेलमध्ये १०० वजा होतात. खेळाच्या पाचव्या अंकात अन्या या पात्राची सुटका केल्यावर मालाह हे दुसरे पात्र जे स्क्रोल देते, त्याने प्रत्येक काठिण्यपातळीवर कायमचे १० मिळतात. तुझी दोन स्क्रोल झालेली असल्यामुळे तू उणे ८० पासून सुरुवात करतोस. स्मोक सर्व घटकांना ५० देते, म्हणून उणे ३० उरतात. स्पिरिट ढाल कोल्ड, लायटनिंग आणि पॉयझनला प्रत्येकी ३५ देते, कारण हे आकडे ढालीत बसवलेल्या थुल, ओर्ट आणि ताल या रूनमधून येतात. चौथा रून अम्न आहे, राल नाही, आणि ढालीत फायर रेझिस्टन्स देणारा रून राल आहे. लायटनिंगला लोअरमधल्या ओर्टचे आणखी ३० मिळतात, त्यामुळे तो ३५ वर असेल. कोल्ड आणि पॉयझन ५ वर असतील. तपासून पाहा.

आता या आकड्यांचा अर्थ असा आहे. फायरचे १०० नुकसान अंगावर आले तर उणे ३० असताना तुला १३० बसतात आणि कमाल मर्यादेवर, म्हणजे ७५ वर, २५ च बसतात. एकच आगीचा गोळा एका सॉर्सरेसला दुसरीपेक्षा पाचपटीहून अधिक लागतो. ५० वरून ७५ वर जाणे हेसुद्धा दिसते त्यापेक्षा मोठे आहे, कारण त्यात बसणारे नुकसान निम्मे होते. म्हणून बूट, पट्टा आणि गळ्यातले ॲम्युलेट या तीन जागांवर सध्या फक्त फायर आणि लायटनिंग रेझिस्टन्स शोध, आणि सामानातल्या मोकळ्या चौकटी चार्मने (नुसते जवळ ठेवले तरी गुण देणाऱ्या वस्तूंनी) भर. एका घटकाचे ११ देणारे छोटे चार्म पुष्कळ वेळा सापडते आणि लोक ते फेकून देतात.

ताई:
रेझिस्टन्सबद्दल मी दादाशी पूर्ण सहमत आहे. वर्ल्डस्टोन कीपमधले आत्मे दिसण्याआधीच त्यांची वीज येऊन आदळते, तिथे लायटनिंग ७५ असल्याशिवाय जाऊ नये.

मला वेगळी काळजी कोल्ड इम्यून, म्हणजे थंडीचे नुकसानच न होणाऱ्या, शत्रूंची आहे. कोल्ड मास्टरी शत्रूचा रेझिस्टन्स कमी करते, पण तो १०० किंवा त्याहून अधिक असेल तर ती इम्युनिटी तोडत नाही. छोट्याचे सगळे पॉइंट थंडीच्या स्पेलमध्ये आणि त्यांच्या सिनर्जीत, म्हणजे त्यांचे बळ वाढवणाऱ्या जोड-स्किलमध्ये, गेले आहेत. २००३ च्या १.१० पॅचने सिनर्जी आणल्यापासून एकाच घटकात सगळे ओतणे फायद्याचे झाले हे खरे, पण हेलमध्ये तीच गोष्ट अडचणीची ठरते.

मामा:
त्यावर मला तीन मार्ग दिसतात. पहिला म्हणजे जागा निवडणे. दुसऱ्या अंकातल्या एन्शंट टनेल्समध्ये मुळातून कोल्ड इम्यून असलेले शत्रू नसतात आणि हेलमध्ये त्या जागेची पातळी ८५ असते, म्हणजे तिथे उत्तम साहित्य पडू शकते, त्यामुळे ब्लिझार्डवाल्याने साहित्य शोधायला तिथेच जावे. दुसरा मार्ग स्टॅटिक फील्डचा. हा विजेचा स्पेल असल्यामुळे थंडीच्या इम्युनिटीचा त्याला अडथळा नाही आणि तो शत्रूच्या असलेल्या लाइफचा चौथा भाग दर वेळी कापतो. हेलमध्ये तो निम्म्याच्या खाली नेत नाही, पण उरलेले निम्मे काम भाडोत्री सैनिकाने करायचे असते.

तिसरा मार्ग म्हणजे हा सैनिकच. छोट्या, दुसऱ्या अंकात सैनिक भाड्याने देणाऱ्या ग्राइझकडून होली फ्रीझ ऑरा (भोवतालच्या शत्रूंना मंद करणारे वलय) असलेला भालेवाला घे आणि त्याच्या हातात राल, तिर, ताल, सोल या रूनची इन्साइट दे. इन्साइटमधून मेडिटेशन ऑरा मिळतो आणि मानाचा, म्हणजे स्पेल टाकायला लागणाऱ्या शक्तीचा, प्रश्न जवळजवळ मिटतो. मानाची चिंता मिटली की एनर्जीत पॉइंट घालण्याचे कारण उरत नाही. सॉर्सरेसला व्हायटॅलिटीच्या प्रत्येक पॉइंटमागे फक्त २ लाइफ मिळते, म्हणूनच मोनार्कसाठी लागणारी १५६ ताकद पूर्ण झाल्यावर उरलेले सगळे पॉइंट व्हायटॅलिटीतच जायला हवेत. होली फ्रीझ कोल्ड इम्यून शत्रूंनाही मंद करतो, हे विसरू नकोस. आपण टेलिपोर्ट केले की सैनिकही आपल्यासोबत येतो, त्यामुळे तो मागे पडला किंवा एखाद्या भिंतीशी अडकला तर एक उडी घेऊन त्याला हव्या त्या शत्रूच्या अंगावर आणून सोडता येते.

छोटा:
सर्व मुद्दे समजले. तलवार तशीच ठेवतो आणि आधी फायर रेझिस्टन्सकडे पाहतो. मॅजिक फाइंडसाठी ऑक्युलस दुसऱ्या शस्त्रजागेत ठेवली आणि शेवटचा वार करण्यापूर्वी बदलली, तर चालेल का?

ताई:
चालेल, पण दुसऱ्या जागेत ढालही वेगळी लागते. मोनार्क पहिल्या जागेतच राहील, म्हणजे बदल करताच तिचा ३० कास्ट रेट, २ स्किल, माना आणि तीन घटकांचे ३५ रेझिस्टन्स हे सगळे एकदम उतरेल. शत्रू जवळ असताना हा बदल करू नकोस.

मामा:
बरोबर. त्यापेक्षा ऑक्युलस पेटीत जपून ठेव आणि स्किन ऑफ द व्हायपरमॅजाय या चिलखतावर लक्ष ठेव. त्यावर कास्ट रेट ३०, सर्व स्किलना १ आणि सर्व रेझिस्टन्सना २० ते ३५ असतात. ते मिळाले की ऑक्युलसचे ३०, ढालीचे ३०, मोज्यांचे २० आणि चिलखताचे ३० मिळून ११० होतात आणि अंगठ्यांविना १०५ ची पायरी गाठली जाते. स्मोकचे ५० रेझिस्टन्स जातील, पण त्यांच्या जागी ऑक्युलसचे २० आणि चिलखतावर जे येतील ते, असे ४० ते ५५ मिळतील. दोन्ही अंगठ्या मोकळ्या झाल्यामुळे तिथे फायर रेझिस्टन्सच्या अंगठ्या किंवा स्टोन ऑफ जॉर्डन ही अंगठी घालता येईल. त्या दिवशी तलवार उतरव.

छोटा:
मग आज भालेवाला बदलून घेतो. इन्साइटसाठी सोल माझ्याकडे नाही, मात्र अम्न तीन आहेत.

दादा:
होराड्रिक क्यूब या वस्तू जोडणाऱ्या डब्यात तीन अम्न आणि एक चिप्ड ॲमेथिस्ट घातलास की एक सोल मिळेल. इन्साइटसाठी पोलआर्म (लांब दांड्याचे शस्त्र) घे, साधा भाला चालत नाही, आणि त्याला चार सॉकेट आहेत का, तेवढे आधी पाहा.