मदत हवी आहे: लेखनाच्या तासाला संगणक कक्ष मिळावा म्हणून मुख्याध्यापकांना कसं पटवू?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. शाळेत संगणक कक्ष आहे, दहा यंत्रं चालू आहेत, पण संगणकाचा तास सोडला तर कक्षाला कुलूप असतं. नववीच्या एका तुकडीला आठवड्यातून एक जोडतास मला तिथे लेखनासाठी बसवायचंय. मुख्याध्यापक सर नाही म्हणत नाहीत, पण हो पण म्हणत नाहीत. संस्थेच्या सचिवांपुढे विषय न्यायचं तर टाळतातच.

मला हे का हवंय ते जरा सविस्तर सांगते. प्रसंगलेखनाला '२०१९ चा महापूर' दिला होता. पंचगंगेकाठच्या गावातून येणाऱ्या एका मुलानं लिहिलं, "पूर आला. खूप नुकसान झाले. सर्वांना दुःख झाले." मी विचारलं, म्हशींचं काय केलं रे? तर पोरगा बोलतच सुटला. आजी बोटीत बसायलाच तयार नव्हती, दावी कापून म्हशी मोकळ्या सोडल्या तेव्हा कुठं ती हलली. म्हटलं, हेच लिही. त्यानं लिहिलं, पण पानाच्या तळाला, दोन ओळींत, आणि वर बाण काढून दिला. अख्खं पान पुन्हा कोण लिहिणार? पुढे एका ऑफ तासाला कक्ष मिळाला तेव्हा तोच मजकूर त्यानं टाइप केला, म्हशींचा भाग उचलून सुरुवातीला नेला आणि "सर्वांना दुःख झाले" हे वाक्य आपणहून काढून टाकलं. मी काही सांगितलं नव्हतं.

पहिला खर्डा, मग दुरुस्ती, मग पुन्हा मांडणी, असं लिहायला आपण मुलांना कधी शिकवतच नाही. वहीत लाल शेरा पडला की लेखन संपलं. संगणकावर खाडाखोड दिसत नाही, म्हणून मुलं बदल करायला घाबरत नाहीत. मला एवढंच साधायचंय.

सरांचा मुख्य आक्षेप असा की बोर्डाचा पेपर हातानं लिहायचा आहे, मग टायपिंगचा उपयोग काय? आक्षेप रास्त आहे. पण दहावीच्या मराठीच्या ८० गुणांच्या पेपरात २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत, आणि तिथे मुलं अडतात ती अक्षरात नाही, मुद्दे कसे मांडायचे यात अडतात. पहिला खर्डा वहीत, दुरुस्ती संगणकावर आणि शेवटची प्रत पुन्हा हातानं, असा क्रम मी सुचवलाय. तुकडीत साठच्या वर मुलं आहेत, त्यामुळे वीस-वीस मुलं जोडीजोडीनं यंत्रावर आणि बाकीची वहीवर, आलटून पालटून बसवावी लागतील. दुसरी भीती, मुलं इंटरनेटवरून तयार निबंध उतरवतील. तिसरी, मराठी टायपिंग येतं कुणाला?

सचिवांपर्यंत हे कसं न्यावं? कुणी आपल्या शाळेत असं मंजूर करून घेतलंय का?

प्रतिसाद १

मॅडम, मी गडहिंग्लज भागात मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. तुमच्या सरांची अडचण बोर्डाचा पेपर नसावी. कक्षातली प्रत्येक वस्तू डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीला, त्यांच्या सहीनं चढलेली असते. माऊस गेला, कीबोर्डवर पाणी सांडलं, तर तपासणीत उत्तर त्यांनाच द्यायचं. ही भीती ते बोलून दाखवणार नाहीत, म्हणून अर्जात तुम्हीच लिहा: किल्ली माझ्याकडे, तासाआधी आणि नंतर यंत्रं मोजून वहीत नोंद, बिघाड झाल्यास त्याच दिवशी लेखी कळवीन. 'तंत्रज्ञान' हा शब्दच घालू नका, सचिवांना त्यातून खर्च ऐकू येतो. एका सत्रापुरता एक जोडतास मागा. आणि त्या मुलाचे दोन्ही खर्डे, नाव झाकून, शेजारी शेजारी लावून न्या. भाषण करू नका, वाचायला द्या. पहिल्या घटक चाचणीनंतरची वेळ बघा, त्या दिवसांत ऑफिसात जरा निवांतपणा असतो.

प्रतिसाद २

ताई, मी शाळेत संगणक शिकवतो. इंटरनेट लागतच नाही. लिब्रे ऑफिसचं रायटर हे लेखनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ऑफलाइन चालतं आणि त्यात बदल नोंदवण्याची सोय आहे. काय खोडलं, काय घातलं, ते रंगात दिसतं. उतरवलेला निबंध एकदम पानभर येऊन पडतो, स्वतः लिहिलेला तुकड्यातुकड्यांनी वाढतो, लगेच कळतं. गूगल डॉक्समध्येही आवृत्त्यांचा इतिहास दिसतो, पण तिथे मुलांची खाती काढावी लागतात, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलीय. सुरुवातीलाच ते लचांड नको. टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी घ्या, विंडोजमध्ये आधीपासून असतं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, त्यामुळे बाराखडी येणाऱ्या पोरांना लवकर बसतं. कळफलकाचा तक्ता भिंतीला लावा. जुन्या फॉन्टच्या नादाला मात्र लागू नका, दुसऱ्या यंत्रावर उघडलं की अक्षरांचा चिवडा होतो, सगळ्या यंत्रांवर सारखं दिसणारं युनिकोडच ठेवा.

धागाकर्ती

सर, डेडस्टॉकचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता आठवतंय, आमचे सर दर वेळी "जबाबदारी कुणाची?" असंच विचारायचे आणि मी उत्तरात अध्यापनाचे फायदे सांगत बसायचे. अर्ज पुन्हा लिहिते, पहिला परिच्छेद किल्लीचा आणि नोंदवहीचा. दादा, रायटर उद्याच एका यंत्रावर टाकून बघते, आमची यंत्रं जुनी आहेत, चालायला हवं.

सत्राअखेरीस मुलांचे दोन्ही खर्डे पालकसभेत मांडायचा विचार आहे. संगणक कक्ष दुसऱ्या विषयाला वापरण्याच्या अर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका, सोमवारी द्यायचाय.